घरच्या लॉनला खत आणि तणनाशक: सांगली-साताऱ्याच्या मातीत हिशेबानं कसं द्यायचं

खत आणि तणनाशक एकाच दिवशी उरकून टाकायचं, ही लॉनवाल्या घरांतली सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. दाणेदार खत टाकलं की लगेच पाणी द्यावं लागतं, कारण ते विरघळून मुळाशी जायला हवं. पानावर मारायच्या तणनाशकाचं बरोबर उलटं असतं. ते पानात मुरेपर्यंत काही तास पाण्याचा थेंब लागलेला चालत नाही. दोन्ही एकदम केलं तर पाणी दिल्यावर तणनाशक धुऊन जातं, आणि नाही दिलं तर खत पानं करपवतं. म्हणून ही दोन कामं वेगळी धरायची. त्यातही आधी खत, पाणी आणि कापणी नीट लावायची. हरळीसारखं गवत दाट झालं की बरंचसं तण आपोआप दबतं. मग जे उरेल त्याच्यासाठी खुरपं, आणि खुरप्यानं न जाणाऱ्या तणासाठीच औषध.

आधी जागा मोजा, माती बघा

अंदाजानं खत टाकणं इथंच थांबवा. टेप घ्या, लांबी-रुंदी मोजा आणि आकडा कुठंतरी लिहून ठेवा. आपल्याकडे गुंठ्याचा हिशेब सगळ्यांच्या तोंडात असतो, तोच इथं कामाला येतो. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. औषधांच्या लेबलवर मात्रा एकरी किंवा हेक्टरी दिलेली असते, त्यामुळे तुमचं लॉन किती गुंठे आहे हे माहीत असल्याशिवाय पुढचं काहीच बरोबर येत नाही.

सांगली, मिरज, वाळवा या कृष्णाकाठच्या पट्ट्यात चिकट काळी माती आणि तिच्यात चुनखडी. सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास. काही भागात जमीन मीठफुटीच आहे, उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसतो. साताऱ्यात डोंगराच्या उताराला बांधलेल्या घरांत मुरूमाड, हलकी माती असते आणि पाऊसही जास्त. काळी माती खत धरून ठेवते, मुरमातून ते पावसाबरोबर वाहून जातं. म्हणून साताऱ्याच्या उतारावरच्या लॉनला थोडं-थोडं खत जास्त वेळा द्या, आणि सांगलीच्या काळ्या मातीत कमी वेळा दिलं तरी चालतं.

माती परीक्षण एकदा तरी करून घ्या. साताऱ्याकडच्यांना बोरगाव आणि कराडजवळचं काळवडे, सांगलीकडच्यांना कांचनपूर इथलं कृषी विज्ञान केंद्र आहे. नमुना घेताना पाच-सहा ठिकाणची वरची चार इंच माती एकत्र करायची, गवताची मुळं काढून सावलीत वाळवायची. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे लॉनसाठी सगळ्यात महत्त्वाचे. बंगल्याच्या लॉनखाली बऱ्याचदा बांधकामाचा राडारोडा असतो. तिथं खत टाकून उपयोग नसतो, त्या तुकड्यात माती बदलावीच लागते.

गवत कोणतं हेही आताच ओळखून ठेवा. नर्सरीत सिलेक्शन वन, बर्म्युडा अशा नावांनी मिळतं ते हरळीच्या जातीतलं, बारीक पानाचं आणि पसरणारं. कोरियन किंवा कार्पेट म्हणून विकलं जातं ते झॉयसिया, हळू वाढणारं आणि गादीसारखं दाट. तिसरं रुंद पानाचं बफेलो ग्रास, सावलीत बरं येतं. हरळीला भूक जास्त, कोरियनला निम्म्यानं कमी. आणि बफेलोला टू-फोर-डी हे तणनाशक सहन होत नाही, हे पुढे लागेल.

खत: किती, कोणतं, केव्हा

लॉनला मुख्यतः नत्र (नायट्रोजन) लागतं. एका वेळी एक हजार चौरस फुटाला (जवळपास गुंठाच धरा) दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध नत्र पुरे होतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे साधारण ४५० ते ५०० ग्रॅम युरिया. अमोनियम सल्फेटमध्ये २०.५ टक्के, म्हणजे एक किलो. तुमचं लॉन ३० बाय २५ फूट असेल तर ७५० चौरस फूट झालं. त्याला ७५० ग्रॅम अमोनियम सल्फेट किंवा साडेतीनशे ग्रॅम युरिया. यापेक्षा जास्त एका वेळी टाकू नका, विशेषतः युरिया.

सांगलीच्या चुनखडीच्या मातीत माझी पसंती अमोनियम सल्फेटला आहे. त्यातलं गंधक मिळतं, आणि मुळाजवळचा सामू किंचित खाली येऊन इतर अन्नद्रव्यंही उचलली जातात. युरिया स्वस्त आहे, पण तो चुनखडीच्या मातीवर नुसता पडून राहिला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. युरियाच टाकणार असाल तर टाकल्यानंतर अर्ध्या तासात पाणी सुरू झालं पाहिजे.

स्फुरदासाठी (फॉस्फरस) वर्षातून एकदा, जूनमध्ये, हजार चौरस फुटाला दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट. माती परीक्षणात स्फुरद भरपूर आलं तर तेही नको. प्रत्येक वेळी डीएपी टाकण्याची पद्धत लॉनला गरजेची नाही. पालाशसाठी (पोटॅश) दसऱ्यानंतर अर्धा किलो सल्फेट ऑफ पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त असतं, पण त्यात क्लोराइड आहे आणि मीठफुट्या जमिनीत अजून मीठ घालणं शहाणपणाचं नाही.

वर्षाचं वेळापत्रक असं धरा. थंडी सरून फेब्रुवारीअखेर गवताला नवी पालवी दिसली की नत्राचा पहिला हप्ता. जूनमध्ये दोन चांगले पाऊस होऊन जमीन वाफशावर आली, म्हणजे चिखल न राहता नुसती ओलसर झाली, की दुसरा. ऑगस्टमध्ये उघडीप बघून तिसरा. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस थांबला की चौथा, पालाशसह. डिसेंबर-जानेवारीत गवत जवळजवळ थांबलेलं असतं, तेव्हा नत्र देऊ नका. एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असेल तर तेव्हाही नको. साताऱ्यात जुलैमध्ये पावसाची झड लागते, त्या दिवसांत टाकलेलं नत्र गटारातून थेट ओढ्याला जातं.

खत फोकायची रीत

इथं घाई करू नका, कारण लॉनवर जे पिवळे-हिरवे पट्टे दिसतात ते बहुतेक वेळा हातानं कमी-जास्त पडलेल्या खताचे असतात.

आदल्या दिवशी हलकं पाणी द्या. सकाळचं दव पूर्ण उडाल्यावर, पानं कोरडी असताना कामाला लागा. ओल्या पानाला खताचा दाणा चिकटला की तिथं तपकिरी ठिपका पडलाच. खत अचूक वजन करा, त्याचे दोन समान भाग करा. प्रत्येक भागात त्याच्या तिप्पट-चौपट कोरडी चाळलेली वाळू मिसळा, म्हणजे मूठ भरून टाकता येईल इतका माल होतो. पहिला भाग उभ्या ओळींनी चालत संपवा, दुसरा आडव्या ओळींनी. हात गुडघ्याच्या उंचीवरून आडवा फिरवायचा. पहिला भाग संपला आणि लॉन अर्धंच झालंय असं दिसलं तर मूठ मोठी पडते आहे, दुसऱ्या फेरीत ती लहान करा. फरशीवर, रस्त्यावर सांडलेले दाणे झाडून परत गवतात घ्या.

मग पाणी. आधी झारीनं किंवा स्प्रिंकलरनं पानांवरचे दाणे खाली पडतील इतकं, नंतर दोन-तीन इंच माती ओली होईल इतकं. तळं साचू द्यायचं नाही.

दाणेदार खताचा धाक वाटत असेल तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला पाच ग्रॅम घेऊन झारीनं द्या. लहान लॉनला आणि नव्यानं लावलेल्या गवताला हेच बरं. ताकद कमी, पण करपण्याची भीतीही कमी. पंधरा दिवसांनी परत देता येतं.

नत्र देऊनही गवत पिवळंच, आणि जवळून बघितल्यावर नव्या पानाच्या शिरा हिरव्या पण मधला भाग फिकट, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत हे नेहमीचं आहे. द्राक्षवाले हिराकस फवारतात तसंच इथं करा: दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, संध्याकाळी पानांवर. दोन-चार दिवसांत रंग बदलतो. फक्त शहाबादी फरशी, कोटा आणि रंगवलेल्या भिंती प्लॅस्टिकनं झाका. हिराकसाचा थेंब दगडावर वाळला की गंजासारखा डाग पडतो आणि तो निघत नाही.

शेणखताबद्दल एक सांगितलंच पाहिजे. अर्धवट कुजलेलं शेणखत लॉनवर पसरलं की त्याबरोबर गाजरगवत, माठ, शिंपी यांचं बी फुकट येतं. नंतर तेच तण मारायला औषध आणावं लागतं. पूर्ण कुजलेलं, हाताला माती वाटेल असं, बारीक चाळणीतून काढलेलं गांडूळखत वापरा. फेब्रुवारीत अर्ध्या सेंटिमीटरचा थर खराट्यानं गवताच्या बुडाशी बसवायचा. साखर कारखान्याची मळीही (प्रेसमड) चालते, पण वर्षभर जुनी झालेली. ताजी गरम असते आणि गवत जाळते.

कापणी आणि पाणी: अर्धं तण इथंच जातं

एका वेळी पानाच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नका. हरळीचं लॉन इंच-दीड इंचावर ठेवा. अगदी बुडापर्यंत सोललं की जमिनीला ऊन लागतं आणि तणाचं बी उगवायला जागा मिळते. पाणी रोज थोडं-थोडं शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी भरपूर द्या. रोजच्या वरवरच्या ओलीवर लव्हाळा माजतो, गवताची मुळं मात्र वरच राहतात.

तण ओळखल्याशिवाय औषध घेऊ नका

दुकानात जाऊन "लॉनमधलं तण मरायचं औषध द्या" म्हणालात तर काय हातात पडेल सांगता येत नाही. आधी गवतात बसा आणि बघा.

रुंद पानाचं तण सहज कळतं: घोळ, दुधी, एकदांडी, आंबुटी, गाजरगवत, केना. मोकळ्या, तुडवलेल्या जागेत दुधी आणि घोळ आधी येतात. जमिनीलगत पसरणारी रानमेथी खूप दिसली तर लॉनला नत्र कमी पडतंय असं समजा, कारण ती शेंगवर्गीय असल्यामुळे आपलं नत्र आपण मिळवते. ही सगळी मुळासकट उपटता येतात. पावसानंतर वाफसा असताना भांगलण करून घेतली तर गुंठाभर लॉन एका सकाळी स्वच्छ होतं. भांगलणीला येणाऱ्या बायकांना हे काम आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं जमतं. फुलावर येण्याआधी काढायचं, एवढंच बघा. गाजरगवताला हातमोजे घालूनच हात लावा, अनेकांना त्याची ॲलर्जी होते.

दुसरा गट गवतासारखं दिसणारं गवत: शिंपी, चिमणचारा. लॉनही गवत आणि तणही गवत, त्यामुळे निवडून मारणारं सोपं औषध इथं नाही. खुरपंच. फक्त जुन्या, बसलेल्या लॉनमध्ये मे अखेरीस, पहिल्या पावसाआधी पेंडीमिथॅलिनसारखं उगवणीपूर्व औषध देऊन वर हलकं पाणी दिलं तर बियांपासून येणारं बरंच तण थांबतं. नव्या लावणीवर ते अजिबात नको, मुळं धरत नाहीत.

तिसरा, सगळ्यात चिवट, लव्हाळा. पान गवतासारखंच, पण जास्त चकचकीत आणि कापणीनंतर दोन दिवसांत लॉनच्या वर डोकं काढणारं. दांडा दोन बोटांत धरून फिरवा, तीन कडा लागतात. गवताचा दांडा असा लागत नाही. खाली काळ्या गाठींची माळ असते. ओढून उपटला की एक गाठ तुटून हातात येते, बाकीच्या मातीतच राहतात आणि परत फुटतात. म्हणून लव्हाळ्याला खुरपं पुरत नाही.

औषध कोणतं

रुंद पानाच्या तणावर टू-फोर-डी. गवतवर्गाला ते सहसा मारत नाही. त्याचा अमाईन सॉल्ट घ्या, ५८ टक्के एसएल असं बाटलीवर लिहिलेलं असतं. इथिल एस्टर घेऊ नका. एस्टरची वाफ होते आणि ती वाऱ्याबरोबर शेजारच्या पिकावर जाते. बफेलो ग्रासवर कोणतंच टू-फोर-डी नको.

लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के. ऊसवाल्यांना ते सेम्प्रा या नावानं पाठ आहे. लेबलवर एकरी ३६ ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला फक्त ०.९ ग्रॅम. आपल्याकडे लेबलवर ऊस आणि मका आहे, लॉन नाही. इतर देशांत हरळी आणि झॉयसियाच्या लॉनवर हेच वापरतात. म्हणून कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या आणि आधी एका कोपऱ्यात दहा बाय दहा फुटांवर मारून तीन आठवडे थांबा. ०.९ ग्रॅम चमच्यानं मोजता येत नाही. विट्याच्या गलाईवाल्यांकडे, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांकडे, असतो तसला, ग्रॅमच्या पुढे दशांशाचे दोन आकडे दाखवणारा छोटा काटा लागतो, आणि तो परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

ग्लायफोसेट लॉनवर कधीच नाही, ते लॉनही मारतं. शिवाय केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता ठेवला. पॅराक्वाट तर घरात आणूच नका. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

पाणी मोजा, मग औषध

पाठीवरच्या पंपात आधी नुसतं स्वच्छ पाणी भरा. अंगणात खडूनं दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखा आणि नेहमीच्या चालीनं फवारा. किती पाणी गेलं ते मोजा. शंभर चौरस फुटाला अर्धा लिटर गेलं तर गुंठ्याला साडेपाच लिटर लागणार. आता लेबलवरच्या एकरी मात्रेला ४० नं भागा, समजा एकरी ४०० मिली असेल तर गुंठ्याला १० मिली, आणि ती साडेपाच लिटर पाण्यात घाला. "पंपाला एक झाकण" हा हिशेब शेतात पंधरा पंप मारताना कसाबसा खपतो. अर्ध्या पंपाच्या लॉनवर त्यानं गवत पिवळं पडतं.

नोझल सपाट पंख्याचं, फ्लॅट फॅन. गोल फवाऱ्याच्या कीटकनाशकाच्या नोझलनं बारीक धुकं उडतं आणि ते आपल्या हातात राहत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर टू-फोर-डीचा जोर कमी होतो, त्यापेक्षा नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. गढूळ पाणी नकोच. हॅलोसल्फ्युरॉनमध्ये स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारा द्रव, घालावा लागतो, नाहीतर लव्हाळ्याच्या चकचकीत पानावरून थेंब घरंगळतो.

फवारणीआधी दोन-तीन दिवस आणि नंतर दोन-तीन दिवस कापणी बंद. औषध घ्यायला तणाला पान हवं आणि ते गाठीपर्यंत जायला वेळ हवा. पाण्यावाचून सुकलेल्या तणावर मारून उपयोग नाही, ते वाढीत असायला हवं. दव उडाल्यावर सकाळी आठ ते दहाची वेळ चांगली. निदान सहा तास पाऊस नको. पारा तिशीच्या वर असेल तर टू-फोर-डी मारू नका, म्हणजे एप्रिल-मे बादच.

वारा कुठून आणि द्राक्षबाग कुठं

हे सांगलीत सगळ्यात गांभीर्यानं घ्यायचं. द्राक्षवेल टू-फोर-डीला अतिशय संवेदनशील आहे. वाऱ्यानं उडून आलेल्या अगदी थोड्या औषधानंही नवी पानं अरुंद, पंख्यासारखी होतात, शिरा एकमेकींना चिकटून येतात, शेंडे पिळवटतात. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे घरालगतच बाग असते. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, त्यानंतर कोवळी फूट असतेच. जवळपास बाग असेल तर टू-फोर-डी मारूच नका, भांगलण करा. शेजाऱ्याचं वर्षाचं पीक आपल्या लॉनपेक्षा मोठं आहे. टोमॅटो, वांगी, पपई, कापूस, गुलाब, मोगरा हेही असेच नाजूक.

वारा इतका हवा की पान हलेल, आणि तो आपल्या झाडांकडून रिकाम्या बाजूला जाणारा. भल्या पहाटेची एकदम निवांत हवाही चांगली नाही, तेव्हा बारीक थेंब खाली न बसता तरंगत दूर जातात.

दुसरी गोष्ट दूर्वांची. आपल्या घरांत गणपतीसाठी लॉनमधल्याच हरळीच्या दूर्वा खुडतात, आणि तण नेमकं श्रावण-भाद्रपदात माजलेलं असतं. औषध मारलेल्या लॉनच्या दूर्वा देवाला वाहायच्या नाहीत, त्या मुलांच्या हातात जातात, प्रसादाच्या ताटात येतात. फवारणी आषाढाच्या सुरुवातीच्या उघडीपीतच उरका, नाहीतर विसर्जनानंतर करा, किंवा दूर्वांचा एक कोपरा कायमचा औषधाबाहेर ठेवा. घोळीची भाजी खुडणाऱ्या शेजारणीलाही आधी सांगा.

मारताना आणि मारल्यानंतर

बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, मास्क, चष्मा. फवारलेलं लॉन पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि कुत्री-मांजरं आत नकोत. त्यानंतरच्या दोन-तीन कापण्यांचं गवत गाई-म्हशींना घालू नका आणि गांडूळखताच्या वाफ्यातही टाकू नका. औषध पोटात गेलं किंवा चक्कर-उलट्या झाल्या तर बाटली बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. टू-फोर-डी पंपाच्या रबरात, नळीत मुरून राहतं, एकदा धुऊन जात नाही. त्याच पंपानं गुलाबावर कीटकनाशक मारलं की शेंडे वाकडे येतात. काम झाल्यावर तीनदा धुवा. धुतलेलं पाणी त्याच लॉनवर फवारून संपवायचं, गटारात किंवा आडाजवळ ओतायचं नाही. बाटली तीनदा खळखळून, भोकं पाडून ठेवा. तेलाला, रॉकेलला वापरू नका.

घोळ-दुधी आठवड्याभरात वेडीवाकडी होऊन वाळते. लव्हाळा हळू जातो. आठ-दहा दिवसांनी पिवळा पडतो, मरायला तीन आठवडे लागतात. तोपर्यंत "काही झालं नाही" म्हणून दुसरा हात मारू नका. झोपलेल्या गाठींवर औषध पोचत नाही, त्या नंतर फुटतात. नवा फुटवा तीन-चार पानांचा झाला की मगच पुन्हा. एका पावसाळ्यात लव्हाळा संपत नाही, पण दर फेरीला विरळ होत जातो.

तण वाळून मोकळी जागा दिसली की खताचा पुढचा हप्ता द्यायची वेळ झाली. फवारणीपासून दहा-बारा दिवस झालेले असतात. मोकळ्या जागेत चिमूटभर गांडूळखत, लागली तर हरळीची दोन-चार मुळं टोचून, वर हप्त्याचं नत्र आणि पाणी. तीन-चार आठवड्यांत हरळी ती जागा भरून काढते, आणि तिथं तणाला परत बसायला जागा राहत नाही.